रविवारची मान

कडेवाल्यानं विचारलं, "कागदात देऊ?" आणि मी मान हलवली. त्यानं तीळ लावलेलं पावाचं कडं तसंच उघडं माझ्या हातावर ठेवलं आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी तिथंच उभी. हातात गरम कडं, बोटांना तीळ चिकटलेले, ओठांवर शिवी आलेली, की अरे, कागद दे म्हटलं ना तुला? मग लक्षात आलं, म्हटलं नव्हतं. नुसती मान हलवली होती. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, जशी आमच्या बल्गेरियात हो म्हणताना हलवतात; माझ्या आईनं हलवली, तिच्या आईनं हलवली. आणि हा सालोनिकाचा ग्रीक माणूस. याच्याकडे ती 'नाही' होते. एवढंच. कागदावाचून कुणी मरत नाही. पण स्टेशनासमोरच्या त्या फुटपाथवर त्याच क्षणी मला सकाळचा जिना दिसला. जिन्याच्या वरच्या टोकाला झोपेच्या कपड्यांत उभी असलेली अँथी दिसली, आणि तिनं विचारलेलं ऐकू आलं.

"दोंकाबाई, थेंब दिलेत का?"

अँथी म्हणजे माझी मालकीण. माझ्या पोटच्या पोरीपेक्षा तीन वर्षांनी लहान, आणि मी तिला बाईसाहेब म्हणते. पहिल्या वर्षी तो शब्द घशात माशाच्या काट्यासारखा अडकायचा, आता गिळते. तिचा मुलगा स्त्रातोस चाळीस दिवसांचा होता तेव्हा मी त्या घरात पाऊल टाकलं, आता चार वर्षांचा आहे. दोन वर्षांचा असताना त्याला तापात झटका आला, मग तापाशिवाय आला, आणि तेव्हापासून थेंब. रोज सकाळी आठ थेंब, चमच्यात, वरून आंबट चेरीच्या मुरंब्याचा रस. डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं होतं, पण लिहिलेलं मला कुठं वाचता येतंय; मी चौथीत शाळा सोडली, तीही आमच्या लिपीतली. म्हणून त्यानं मला तोंडी सांगितलं. अँथी तिकडे खुर्चीत रडत होती, तेव्हा त्यानं बोट माझ्याकडे केलं, आईकडे केलंच नाही. म्हणाला, एखादा दिवस चुकलं तर चालेल, आजीबाई, पण एका दिवसात दोनदा कधीही नाही. दोनदा दिलंत तर पोरगं झोपेल आणि छाती उठायची विसरेल. छाती उठायची विसरेल. असंच म्हणाला. ते वाक्य मी दोन वर्षं उशाशी घेऊन झोपले आहे.

सोमवार ते शनिवार थेंब माझे. रविवारी माझी सुट्टी, म्हणून रविवारी अँथीचे. हा नियम तिनंच केला. पण आज पोरगं सहालाच उठलं, माझ्या खोलीत आलं, माझ्या पांघरुणात शिरलं, आणि मला वाटलं, ही बया नऊला उठणार, डोळे चोळत थेंब मोजणार, सात पडले की आठ तेही कळायचं नाही तिला. त्यापेक्षा मीच दिले. आठ. मोठ्यानं मोजून. मुरंबा चाटवला, पुन्हा झोपवलं, एप्रन खुंटीला लावला, चांगला कोट घातला, डोक्याला निळा रुमाल बांधला, खांद्याला छोटी थैली अडकवली, आणि गावी पाठवायची पिशवी दोन हातांत धरून जिना उतरायला लागले. मधल्या वळणावर होते तेव्हा वरून तिचा आवाज आला. दोन्ही हात गुंतलेले. मी मागं वळून वर बघितलं आणि मान हलवली. कुठली?

हे सगळं फुटपाथवर. कडं निवत चाललं होतं. माणसं मला धक्के देऊन पुढं जात होती. मी स्वतःला म्हटलं, दोंका, चार वर्षांत तुझी मान त्या घरात चुकलेली नाही. खरंच नाही. तोंड सहा महिन्यांत शिकलं होतं, तेही काही सोपं नव्हतं. यांच्यात 'ने' म्हणजे हो, आणि आमच्यात 'ने' म्हणजे नाही. देवानं दोन शेजाऱ्यांची अशी मस्करी केलेली दुसरीकडे कुठं असेल असं वाटत नाही. पण जीभ हलकी असते, शिकते. मान जड. पहिल्या महिन्यात अँथीनं विचारलं, भूक लागलीय का, मी मान हलवली, तिनं ताट उचललं. विचारलं, आज खूप दमलात का, मी ठसक्यात वर-खाली मान केली, म्हणजे आमच्यात साफ नाही, दोंका दमत नसते. तर तिनं मला बळंबळं झोपायला पाठवलं. मग मी न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी राहून मान शिकवली, बैलाला जू शिकवतात तशी. वर-खाली हो. आडवी नाही. सहा दिवस ते जू मानेवर असतं. रविवारी एप्रनबरोबर खुंटीला. रविवारी स्टेशनामागच्या बागेत आम्हा सगळ्याजणींच्या माना मोकळ्या सुटतात, कुरणात सोडलेल्या खेचरांसारख्या. मग जिन्याच्या वळणावर काय होतं? उंबरा मी ओलांडला होता. मुख्य दार ओलांडलं नव्हतं. एप्रन काढला होता. पण प्रश्न घरातला होता. मी डोळे मिटून मानेला विचारलं, बाई, सांग तू कुठं गेलीस. मान गप्प.

बागेत पेंका बसली होती, बाकावर वर्तमानपत्र पसरून, त्यावर तिनं घरी भाजलेली, पापुद्र्यांत चीज भरलेली बनित्सा. पेंका आमच्या खोऱ्यातली, नदीपलीकडच्या गावची; एका लुळ्या म्हाताऱ्याला सांभाळते. गावच्या गाड्या लागल्या होत्या, बायका डबे, गाठोडी, जुने कोट ड्रायव्हरच्या हवाली करत होत्या. मी गावची पिशवी दिली, कडं खांद्याच्या थैलीत टाकलं. ड्रायव्हरनं विचारलं, "काकू, आत काही फुटणारं आहे का?" आणि माझी मान वर-खाली झाली, आपल्याआप, सुंदर, स्वच्छ 'नाही'. विचार करायला अवधीच नाही मिळाला. मी वळून बाकाकडे आले.

"तोंड असं का केलंस? दही नासलं का कुणाचं?" पेंका म्हणाली. "बस. खा. माझा म्हातारा काल मला म्हणतो, लग्न कर माझ्याशी. मी म्हटलं, आधी पाय हलवून दाखव."

मी बसले. सांगणार नव्हते, पण सांगितलं. अर्धं हसत सांगितलं, म्हणजे तिला हसता यावं.

पेंका हसली नाही. बनित्साचा तुकडा हातात धरून म्हणाली, "फोन कर."

"कशाला? मी कामाचीच मान हलवली असणार."

"असणार?"

"चार वर्षांत कधी चुकले नाही मी."

"तू कधीच चुकत नाहीस, दोंका. चर्चमधली मूर्ती आहेस तू. फोन कर, मूर्ते."

"आणि काय सांगू? बाईसाहेब, माझी मान हरवली, बघा बरं सापडते का? ती बाई आधीच मला गावंढळ समजते. तिच्या नवऱ्याला तर हवंच आहे निमित्त, त्याला शिकलेली पोरगी आणायची आहे, इंग्रजी बोलणारी."

"मग आण म्हणावं शिकलेली. पण पोराला काही झालं तर?"

"काही होत नाही," मी म्हटलं, आणि बनित्सा तोंडात घातली. चीज खारट होतं. पेंकाचं नेहमीच खारट असतं. मी ते चावत राहिले, आणि चावता चावता मला मित्को आठवला, माझा नवरा. अर्धांगाचा झटका आल्यावर तीन वर्षं त्याची जीभ गेली, उजवी बाजू गेली, राहिली ती फक्त मान. आमचं सगळं घर त्या मानेवर चालायचं. तंबाखू विकायची का या आठवड्यात? पाणी? कूस बदलू? मी पहाटे तंबाखूची पानं दोऱ्यात ओवायला बसायचे, काळी चिकट बोटं, आणि सुई थांबवून दर थोड्या वेळानं त्याच्याकडे बघायचे. शेवटच्या दिवसांत मी विचारायचे, दुखतंय का रे, आणि ती मान उशीवर हळूहळू घासत जायची, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. हो. हो. उशीच्या कापडावर केसांचा खसखस आवाज. तो गेला त्याला अकरा वर्षं झाली, पण तो आवाज मला अजून कुठंही ऐकू येतो, कुणी वाळू पसरत असलं, कुणी कागद चुरगाळत असलं, तरी. आम्ही लोक तोंडानं खोटं बोलतो, पोटभर बोलतो. मानेनं कधी नाही. मी माझ्या पोरीला हेच शिकवलं. आणि स्त्रातोसला.

इथं मी चावायची थांबले.

स्त्रातोसला मी शिकवली होती. खेळ म्हणून. मुरंबा हवा का? तोंडानं नाही सांगायचं, दोंकाच्या मानेनं सांग. तो दोन वर्षांचा, खुर्चीत बसलेला, गोल डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे, त्या डोक्याच्या वजनानं स्वतःच डोलायचा, आणि मी हसून हसून खाली बसायचे. कुणी बघत नव्हतं. दिवसभर त्या घरात त्यांची भाषा, त्यांचं जेवण, त्यांचे सण, आणि माझं काय? माझ्या नातवंडांच्या माना तिकडे दुसरं कुणी बघत होतं. तेव्हा एवढं एक मी त्या घरातून उचललं, सरळ बोलायचं तर चोरलं, म्हणजे त्या पोराच्या आत माझ्या गावचा एक एवढासा खिळा ठोकून ठेवला. तो माझ्याशी माझी मान हलवायचा आणि आईबापाशी त्यांची. मला अभिमान वाटायचा. चार वर्षांचं पोर दोन माना सांभाळतं, आणि त्याच्या आईला एक भाषा धड बोलता येत नाही दुपारी बारापर्यंत.

तास गेला असेल. पेंकाकडे मी बघत नव्हते. ती दुसऱ्या बायकांशी बोलत होती, पण तिची पाठ माझ्याशी बोलत होती. शेवटी मी उठले. म्हटलं, चप्पल चावतेय, जरा चालून येते. "जा," पेंका म्हणाली, "तुझ्या चपलेला फोनचा बूथ बरोबर सापडेल."

टपरीच्या बूथमधून फोन लावला. वाजत राहिला. ते घर मला फोनमधून दिसत होतं: फोन ठेवलेलं मेज, त्याखालची चटई, चटईवर स्त्रातोसची लाल मोटार, सगळं जागच्या जागी आणि त्यात कुणी नाही. किंवा आहे, आणि उचलता येत नाही. मी ठेवला, परत लावला. वाजण्याच्या मधल्या रिकाम्या जागेत मी श्वास मोजायला लागले, पोराचे मोजते तसे, रात्री त्याच्या पाळण्याशी वाकून मोजायचे तसे. पाचव्यांदा माझ्या मागं उभा असलेला माणूस म्हणाला, "आजी, तिकडे कुणी नाहीये, आणि इकडे मी आहे." मी त्याला आमच्या भाषेत जे म्हटलं ते इथं सांगत नाही.

बसमध्ये बसले. रविवारची बस, अर्धी रिकामी, उन्हात तापलेली सीट. समोर एक बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती, पोर झोपलेलं, तोंड उघडं, मान मागं लटकलेली. मला तिला सांगावंसं वाटलं, ए, उठव त्याला. उठव आणि विचार काहीतरी. मी खिडकीबाहेर बघितलं तर रस्त्यावर सगळी माणसं माना हलवत होती. कधी लक्षच दिलं नव्हतं. कॉफीच्या दुकानात दोन म्हातारे, फोनवर एक पोरगी, कुत्र्याशी बोलणारा एक माणूस. हो हो नाही नाही, नाही हो. साऱ्या शहराचं बोलणं गळ्याच्या वर चाललेलं, आणि कुठली मान काय म्हणतेय, मला एकही कळेना.

घराचं दार बंद. बेल दाबली, आत वाजली, आतच विरली. किल्ली माझ्याकडे नाही. रविवारी जाताना ती खुंटीवर ठेवून जायची, हाही अँथीचा नियम, सुट्टी म्हणजे पूर्ण सुट्टी, दोंकाबाई, म्हणाली होती, लाघवीपणानं. तेव्हा आठवलं मला, आज थनासिसच्या आईकडे जेवायला जायचं होतं, समुद्राकाठच्या गावी. थनासिस म्हणजे अँथीचा नवरा. मी दोन वाजता मुख्य दाराबाहेरच्या खालच्या पायरीवर बसले. चांगला कोट पायरीच्या धुळीत. तळमजल्यावरची फोतिनीबाई तिच्या गॅलरीत झाडांना पाणी घालत होती, तिनं वाकून बघितलं.

"काय गं, किल्ली विसरलीस?"

"रविवारी नसते माझ्याकडे."

"मग सुट्टीच्या दिवशी इथं का बसलीस? एवढा जीव लागलाय होय घराला?"

"पाय दुखतात."

"माझे नाही दुखत वाटतं? मी बसते का जिन्यात?"

फोतिनीबाईकडे अँथीच्या सासूचा नंबर असणार. दोघी एकाच गावच्या. मला माहीत होतं. विचारलं की सांगावं लागणार कशाला, आणि सांगितलं की संध्याकाळपर्यंत साऱ्या इमारतीला कळणार की बल्गेरियन बाईनं मान चुकीची हलवली. हसतील. मी पंचावन्न वर्षं कुणाला माझ्यावर हसू दिलेलं नाही. माझ्या सासूनं एकदा हसून बघितलं होतं, परत हसली नाही. तर मी बसून राहिले. सावली पहिल्या पायरीवरून दुसरीवर आली. कडं अजून माझ्या थैलीत होतं, त्याचे तीळ थैलीच्या तळाशी सुटून खसखस वाजत होते, मी हलले की वाजत होते. उशीवरचे केस. हो. हो. मी थैली दूर ठेवली. तरी वाजत होते. आणि मग मला ते सुचलं, जे सकाळपासून डोक्याच्या मागं उभं होतं आणि पुढं यायला तयार नव्हतं: अँथीनं माझी मान बघून समजा नाहीच असं धरलं असेल, तरी ती थेंब द्यायला गेली तेव्हा पोराला विचारणार. आई विचारतेच. दोंकानं दिले का रे? आणि पोर अर्धवट झोपेत. दोंकाचं नाव प्रश्नात. मुरंब्याची चव जिभेवर. कुठली मान हलवेल ते?

मी उठून फोतिनीबाईच्या दारावर थापा मारल्या. काय सांगितलं ते आठवत नाही. हसली नाही ती. ओल्या हातानंच फोन फिरवला, बोलली, ऐकलं, माझ्याकडे बघितलं.

"निघालेत म्हणे पंधरा मिनिटांपूर्वी. पोरगं जेवलंच नाही म्हणे. सकाळपासून झोपतंय."

इतकं सोपं होतं ते. एक दार, दोन थापा. दोन तास त्या दारापासून सात पावलांवर मी बसून होते, माझी इभ्रत मांडीवर घेऊन, ती रडू नये म्हणून तिला थोपटत.

गाडी आली तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. थनासिस आधी उतरला, मग अँथी, चेहऱ्यावर समुद्राचं लाल ऊन, आणि तिनं मागच्या सीटवरून स्त्रातोसला उचललं. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर पडलं. पडलं म्हणजे तसं पडलं, जसं ओलं गाठोडं पडतं.

"अरे, दोंकाबाई, तुम्ही? सुट्टी संपली का एवढ्यात?"

"बाईसाहेब, सकाळी पोराला थेंब दिलेत?"

"दिले ना. तुम्ही विसरला होतात. मी विचारलं, तुम्ही नाही म्हणालात. स्त्रातोसलाही विचारलं, दोनदा विचारलं, तोही नाहीच म्हणाला." आणि हसली, माझ्या खांद्याला हात लावून. "होतं असं. मी काय रागावणार आहे का तुमच्यावर?"

मी तिच्या अगदी जवळ गेले. पोराच्या तोंडाशी कान नेला. श्वास होता. लांब, मग काही नाही, मग पुन्हा लांब, विहिरीतून वर ओढल्यासारखा. ओठांच्या कडेला निळसर.

"हवा लागली त्याला," थनासिस म्हणाला. "माझ्या आईकडे सगळेच झोपतात."

अँथीनं त्याच्या गालावर हात फिरवला. "स्त्रातो, माझ्या सोन्या, बरं नाही का वाटत तुला? काही होतंय का? आईला सांग."

त्याच्या पापण्या उघडल्या, डोळे कुठंच बघत नव्हते. मग फिरत फिरत माझ्या निळ्या रुमालावर येऊन थांबले. आणि ते गोल डोकं तिच्या खांद्यावर हललं, एकदा इकडे, एकदा तिकडे. तिच्या ब्लाउजच्या कापडावर केसांची खसखस झाली.

अँथीनं सुस्कारा सोडला. "नाही म्हणतोय. काही होत नाहीये त्याला."

"हो म्हणतोय तो," मी म्हटलं. "ती मान माझी आहे. मी शिकवलीय त्याला."

थनासिसला आधी कळलं, त्याच्या हातातली किल्ली मुठीत आवळली गेली. अँथीच्या ओठांवरचं हसू अजून तसंच होतं, जायचं विसरलेलं.

"म्हणजे सकाळी... जिन्यात... तुम्ही दिले होतेत?"

माझी मान उठायला लागली. कुठं जाणार होती, देव जाणे. आता माझा तिच्यावर विश्वास उरला नव्हता. मी दोन्ही हातांनी हनुवटी घट्ट धरली, जबडा दुखेपर्यंत, ती तसूभरही हलू नये म्हणून, आणि नुसत्या तोंडानं, त्यांच्या भाषेतलं हो म्हटलं, "ने." माझ्या आईनं हाच शब्द दारावर आलेल्या मृत्यूला तीन वेळा सांगितला होता, आमच्या भाषेत, 'नाही' म्हणून, तीन पोरांसाठी, आणि त्यानं ऐकला नव्हता.

"गाडी काढ," मी म्हटलं. "पोराला माझ्याकडे दे, पोरी, आणि गाडी काढ."